सुटणारे सांधे

मुंबईत शीव, म्हणजे सायन, स्थानकाला खेटून असलेला रेल्वेवरचा पूल १९१२ सालचा. १ ऑगस्ट २०२४ ला तो वाहनांसाठी बंद झाला आणि नंतर तोडायला घेतला. चालत्या रेल्वेवरचा जुना पूल काढणं म्हणजे काय प्रकरण असतं, हे मध्य मुंबईकरांना आता पाठ झालंय. खालून लोकल धावत असतात, वर विजेची तार असते. रात्रीचा ब्लॉक मिळाला की तेवढ्या मोजक्या तासांत गॅस कटरने तुळई कापायची, क्रेनने तुकडा उचलायचा, रूळ मोकळे करायचे आणि पुढच्या ब्लॉकची वाट बघायची. कापलेला तुकडा भंगारात जातो. त्याचा पुन्हा पूल होत नाही.

आता याच्या उलट टोकाची वस्तू बघा. असं कुठलंही काम निघालं की पत्र्याच्या कुंपणाआड पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराची पोर्टा केबिन येऊन बसते. दार, दोन सरकत्या खिडक्या, मागे एसीचा डबा, आत टेबल, नकाशे, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. काम उरकलं की एका रात्रीत ती ट्रेलरवर चढते आणि दुसऱ्या साइटवर जाऊन उतरते. कॅलेंडर काढायचीसुद्धा गरज पडत नाही.

एक वास्तू जागची उठवताना तिचे तुकडे होतात, दुसरी अख्खी उठून चालू लागते. असं का? पटकन सुचणारं उत्तर असं की एक जड आणि दुसरी हलकी. वजनाचा त्यात हात आहे, नाही असं नाही. पण पुढे अकरा हजार टनांची एक आठ मजली इमारत येणार आहे, जी आतल्या माणसांसकट सरकली, तेव्हा वजनाला फार भाव देऊ नका. माझ्या मते सगळी मेख सांध्यांत आहे. वास्तूचे भाग एकमेकांना कसे धरून आहेत आणि ती पकड सोडवता येते की नाही, यावर तिचं हलणं ठरतं. पोर्टा केबिनपासून देवळापर्यंत हेच दिसतं, आणि एकदा दिसायला लागलं की रस्त्याने चालताना डोळे आपोआप तिकडेच जातात.

केबिनपासूनच सुरुवात करू. नेहमी दिसते ती वीस फूट लांब, दहा फूट रुंद. खाली लोखंडी चॅनेलची चौकट, कोपऱ्यांत उभे खांब, वर पुन्हा चौकट, आणि मधे भिंती म्हणून सँडविच पॅनेल, म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मधे फोम. या भिंती वजन पेलत नाहीत, फक्त ऊन-पाऊस अडवतात. भार सगळा चौकटीवर. म्हणून छताच्या चार कोपऱ्यांतल्या हुकांना धरून उचललं तरी भिंतींना त्याची खबर नसते. अशा केबिनीचं वजन साधारण दोन-अडीच टन. ते उचलायला हायड्रा येतो, म्हणजे भार लटकवून चालू शकणारी ती ठेंगणी, लांब नाकाची क्रेन.

हायड्रावाला आला की तो आधी दोरांच्या लांबीकडे बघतो. का बघतो, त्यात गंमत आहे. केबिन अडीच टनांची आणि उचलणारे दोर, म्हणजे स्लिंग, चार, म्हणजे प्रत्येकीवर सव्वासहाशे किलो असं आपण मनात भागून मोकळे होतो. हा हिशेब स्लिंग अगदी उभ्या असतील तरच खरा. पण चारही स्लिंग वर एकाच हुकात जातात, म्हणजे त्या तिरक्या असणारच. जमिनीशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकीवर सुमारे ७२० किलो ताण येतो. ३० अंश झाला की तो दुप्पट, १,२५० किलो. आणि आखूड स्लिंग लावून कोन १५ अंशांवर आणला तर एकेका स्लिंगवर २,४०० किलो! म्हणजे चौघी मिळून जे वजन उचलायचं, जवळपास तेवढा ताण प्रत्येकीला एकटीला सोसावा लागतो. वजन एक किलोनेही वाढलेलं नाही, फक्त दोर आखूड झाले. हा जादाचा ताण जातो कुठे, तर आडवा, केबिनीच्या छताची चौकट आत दाबण्यात. चौकट वाकते, खिडक्या अडकतात, क्वचित काच फुटते. त्यामुळे जाणकार लांब स्लिंग मागतो, नाहीतर वर एक आडवा दांडा लावून त्याच्या टोकांपासून दोर खाली सोडतो. शाळेत त्रिकोणमितीचा साइन शिकवताना आम्हाला कुणी क्रेन दाखवली असती तर बरं झालं असतं.

मग प्रवास. तो रात्रीचाच, कारण दिवसा अवजड गाड्यांवर शहरात निर्बंध. ट्रेलरच्या फळीवर साडेआठ फुटी केबिन ठेवली की एकूण उंची मोजावी लागते, आणि शीवहून दक्षिणेकडे निघालात की किंग्ज सर्कलला हार्बर रेल्वेचा पूल आडवा येतो. त्याच्या आधी उंचीची कमान लावलेली आहे. तिला ठोकून अडकलेले कंटेनर हा त्या भागातला जुना तमाशा आहे. केबिनवाल्याला म्हणून रस्त्याचा नकाशा नुसता आडवा पाठ असून चालत नाही, त्याला तो उभाही पाठ लागतो. कुठल्या पुलाखालून किती उंचीचं जातं, कुठे केबलची तार झोल खाऊन खाली आलीय, कुठल्या वळणावर झाडाची फांदी आहे, हे सगळं.

एवढ्या कौतुकात एक गोम राहते. उचलून नेण्याइतकी हलकी वस्तू वाऱ्यालाही उचलण्याइतकी हलकी असते. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. असा झोत एका चौरस मीटरवर सुमारे १२० किलोचा दाब टाकतो. वीस बाय दहाच्या छताला तो उचलत्या दिशेने तेवढ्याच जोराने लागला तर सव्वादोन टन भरतात. केबिनीचं वजन किती म्हणालो? दोन-अडीच टन. म्हणजे हायड्राचं काम चक्रीवादळ फुकटात करू शकतं, फक्त कुठे नेऊन ठेवेल ते सांगता येत नाही. म्हणून शहाणे लोक केबिन नुसती विटांवर टेकवत नाहीत, जमिनीला बांधतात.

हा धडा शीवच्या जवळच, मिठी नदी ओलांडून पलीकडे, सगळ्या मुंबईने पाहिला. मे २०२० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय काही आठवड्यांत उभं राहिलं. मांडववाले ज्याला जर्मन हँगर म्हणतात तो हा प्रकार. ॲल्युमिनियमच्या पोकळ कमानी ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या, त्यांना आडव्या दांड्यांनी जोडायचं आणि कमानींच्या खाचेतून जाड ताडपत्री सरकवून ताणायची. मधे एकही खांब नाही. कमानीचे तुकडे एकमेकांत घुसवून बोल्टने आवळलेले, त्यामुळे जसे आवळले तसे सोडवता येतात. आज लग्न, उद्या प्रदर्शन, परवा अतिदक्षता विभाग. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला लागणार म्हटल्यावर तिथल्या रुग्णांना आधीच पक्क्या इमारतींत हलवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वेळी पुन्हा तेच. घर हलतं होतं, पण वादळात माणसंच हलवणं शहाणपणाचं ठरलं.

आणि तात्पुरतं म्हणून उभं केलेलं काढलं जातंच असंही नाही. आज ज्याला सगळी मुंबई सायन हॉस्पिटल म्हणून ओळखते, ते लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये लष्कराच्या बराकींमध्ये पन्नास खाटांवर सुरू झालं. सैन्याच्या बराकी म्हणजे गरज संपली की मोडण्यासाठी बांधलेली घरं. इथे उलटं झालं. गरज वाढतच गेली.

मांडवाची गोष्ट मात्र केबिनीहून जुनी आणि मला विचाराल तर जास्त अद्भुत आहे. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा गणपती पाच दिवसांचा. तिथून लालबागपर्यंत जा, रस्त्यारस्त्यावर दरवर्षी मोठमोठे मांडव उभे राहतात आणि विसर्जनानंतर काही दिवसांत ते जागेवर नसतात. बांबू, वासे, फळ्या, ताडपत्री हे सगळं गोदामात परत जातं आणि दसऱ्याला दुसऱ्याच आकारात कुठेतरी उभं राहतं. इतक्या वेळा मोडूनही झिजत नाही अशी वास्तू बांधायची तर तिला खिळा मारून चालत नाही. खिळा मारला की बांबू चिरतो आणि दोन-तीन हंगामांत सामान चुलीत घालण्याच्या लायकीचं उरतं. मांडवात म्हणून सांधा असतो तो दोराचा.

मांडव बांधणारा गडी वर चढून बसलेला असतो, तो बघावा. दोन्ही पायांची कैची बांबूभोवती, दोराचं एक टोक दातांत. उभ्या बांबूला आडवा बांबू टेकवायचा, दोर कर्ण घेऊन फिरवायचा, मग उलटा कर्ण, मग दोन बांबूंच्या मधून आडवे वेढे, म्हणजे आधीचे वेढे आवळले जातात, आणि शेवटी टोक आत खुपसायचं. फार तर दोन मिनिटं. सोडवायला त्याहून कमी. एवढ्याशा दोरावर वरच्या मजल्यावरचे झुंबर, देखावे, चार-पाच कामगार असं सगळं उभं राहतं.

हे कसं टिकतं? दोर खांबाभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक पकड काही पटींनी वाढत जाते, आणि ही वाढ बेरजेची नसून गुणाकाराची असते. दोर आणि बांबूमधला घर्षणांक ०.३ धरा, जो काही फार नाही. एका पूर्ण वेढ्यात पकड साधारण साडेसहा पट होते. दोन वेढ्यांत त्रेचाळीस पट. तीन वेढ्यांत पावणेतीनशे पटींच्या वर! एका टोकाला लहान मुलाने एक किलोच्या जोराने धरून ठेवलं तर दुसऱ्या टोकाला पाव टनाहून जास्त ओढ लागली तरी दोर सरकत नाही. मांडवात ते एक किलोचं काम आत खुपसलेलं टोक करतं. आणि ते टोक बाहेर काढलं की सगळी पकड क्षणात शून्य. धक्क्यावर खुंट्याला दोन वेढे देऊन अख्खी बोट थोपवणाऱ्या खलाशाला हे ठाऊक असतं. सुंभाचा पीळ आपण माणसाच्या स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे झालो, पण मुंबईचा अर्धा उत्सव त्याच्यावर उभा असतो.

मांडवाचा एकच खरा कच्चा दुवा, पाय. खांब उभा राहायला खड्डा लागतो आणि खड्डा खणला की महापालिकेचा दंड. त्यामुळे डांबर न फोडता, खाली वजनं ठेवून मांडव उभे करण्याच्या युक्त्या निघाल्यात. म्हणजे आणखी एक सांधा सुटणारा झाला.

आता जरा दक्षिणेला, काळा घोड्याकडे. तिथे आज मलूल होऊन उभी असलेली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, ही मुंबईतली बहुधा सर्वांत लांबचा प्रवास करून आलेली इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात डार्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला गेला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. खांब, तुळया, सगळं तिकडे तयार झालं, सुटं होऊन जहाजातून मुंबईला आलं आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडलं गेलं. सुएझचा कालवा उघडला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. या सांगाड्याच्या नशिबी तो सोयीचा रस्ता नव्हता.

ऑर्डिशने १८५१ च्या लंडनच्या काचमहालावरही काम केलं होतं. तो काचमहाल, क्रिस्टल पॅलेस, हाइड पार्कात प्रदर्शनापुरता उभा राहिला, मग सुटा करून सिडनहॅमला नेला आणि मोठा करून पुन्हा उभारला. ओतीव लोखंडाचा गुण असा की ते दाब प्रचंड सोसतं, पण ठिसूळ असतं. त्यावर हातोडा मारून रिवेट ठोकायला गेलं तर तडकायची भीती. म्हणून त्या काळचे ओतीव लोखंडाचे भाग बहुतेक बोल्टांनी जोडत. हा दुबळेपणाच त्यांच्या कामी आला. बोल्ट पाना लावून उलटा फिरवता येतो. शीवचा पूल बांधला गेला तोवर जमाना पोलादाचा होता. पोलाद हातोडा खातं, म्हणून लालबुंद रिवेट भोकात घालून दोन्हीकडून ठोकायची पद्धत पक्की झाली होती. रिवेट गार होताना आखडते आणि दोन पत्रे इतके घट्ट आवळते की सांधा जवळजवळ उरतच नाही. अशा पोलादी कामाला मजबुती शंभर वर्षांची मिळाली. परतीची वाट मात्र गॅस कटरमधूनच.

वॉटसनमध्ये ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, हे सिनेमावेड्या मराठी वाचकाला सांगायला नको. या हॉटेलच्याही भिंती वजन न पेलणाऱ्या, भार सगळा सांगाड्यावर. म्हणजे ठेकेदाराच्या केबिनीची ही साता समुद्रापलीकडून आलेली पणजी. २०१९ मध्ये ती इमारत रिकामी करण्यात आली. दीडशे वर्षांच्या खाऱ्या हवेनंतर ते सांधे अजून सुटतील का, हा प्रश्न मला तरी तिथून जाताना दर वेळी पडतो.

परळजवळचं एक अलीकडचं उदाहरण घेऊ. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल बांधायला लष्कराला बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीलाही लष्कराने पूल दिले. त्यांनी वापरली ती बेली पुलाची रीत. डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धात काढलेली ही युक्ती म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट उंच अशी जाळीदार पोलादी चौकट, वजन अडीचशे किलोंच्या आसपास, सहा जवानांना उचलता येईल एवढं. चौकटीला चौकट लावायची आणि कोपऱ्यात जाड पिन ठोकायची. बस्स. अधिक वजन न्यायचंय? शेजारी दुसरी चौकट लावा, नाहीतर वर चढवा. पूल पलीकडे पोचवायला खाली कुणी उभं राहावं लागत नाही. अलीकडच्या काठावर रोलरवर ठेवून तो पुढे ढकलतात, पुढे हलकं नाक आणि मागे जड शेपूट, म्हणजे अर्धा अधांतरी असला तरी तोल जात नाही. हे सगळं एका पिनेवर. पिना काढल्या की पूल पुन्हा ट्रकमध्ये.

इथवर सगळं लोखंड, ॲल्युमिनियम, बांबू. दगडाचं काय? दगडी देऊळ हलू शकतं? गोव्यात हललंय. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेलं आणि दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जोती, पायवाटा, विहिरी वर येतात. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ बुडू नये म्हणून उतरवून सुमारे १७ किलोमीटरवर, धरणापाशी नेऊन पुन्हा उभं केलं गेलं.

देऊळ उतरवणं शक्य असतं, कारण अशी जुनी देवळं बहुतेक सुक्या सांध्याची असतात. महाराष्ट्रात ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्यांच्यातही चुना नसतो. दगड असे घडवलेले की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसतो आणि वरचं वजन खालच्याला जागेवर दाबून ठेवतं. म्हणजे इथे पिन आहे ती गुरुत्वाकर्षणाची. ती काढायची पद्धत एकच, वरून खाली. आधी सगळ्या बाजूंनी मोजमापं आणि चित्रं, मग प्रत्येक दगडावर थर आणि क्रमांक, मग कळसाकडून एकेक दगड उतरवायचा, आणि नव्या जागी जोत्यापासून उलट्या क्रमाने चढवायचा. नंबराची एक चूक झाली तर वरच्या थरांत ती वाढत वाढत जाते. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने एक बोटभर चुना सांध्यात भरला असता तर ते दगड इतक्या सहज सुटले नसते. त्याला धरणाची कल्पना असण्याचं कारण नव्हतं, पण त्याच्या हाताने ती सोय करून ठेवलेली होती.

राहिली ती आपली घरं, विटांची आणि काँक्रीटची. इथे सांधाच नाही. सिमेंट एकदा धरलं की अख्खी इमारत एक दगड. तिचे भाग सुटत नाहीत, म्हणजे तिला पायापासूनच सोडवायचं आणि सबंध न्यायचं. ही कला आता आपल्याकडेही रुळलीय. रस्ता दर डांबरीकरणाला वर येत जातो, घराचं जोतं खाली जातं आणि पावसाचं पाणी थेट स्वयंपाकघरात शिरतं. अशी घरं जॅकवर चढवून तीन-चार फूट उचलणाऱ्या टोळ्या देशभर फिरतात, त्यांतल्या कित्येक हरियाणातल्या. भिंतीखाली थोडं थोडं खणून लोखंडी चॅनेल सरकवतात, चॅनेलखाली स्क्रू जॅक लावतात. साध्या घराला शंभर-दोनशे जॅक सहज लागतात. मग भिंत पायापासून तोडतात आणि घर जॅकवर येतं.

एका जॅकची ताकद कुठून येते? दोन फुटी दांडा एक पूर्ण फेरा मारतो तेव्हा हाताने पावणेचार मीटरचं वर्तुळ कापलेलं असतं आणि स्क्रू वर चढलेला असतो फक्त एक सेंटीमीटर. हिशेबाने जोर पावणेचारशे पट. त्यातला मोठा वाटा घर्षण खातं, तरी एका माणसाच्या हाताला काही टन उचलता येतात. उलट ते घर्षणच वाचवतं, कारण हात सोडला तरी स्क्रू आपणहून मागे फिरत नाही.

कठीण भाग जोराचा नाही, एकसारखेपणाचा आहे. विटेची भिंत दाब सोसते, ओढ सोसत नाही. भिंतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा तीनशेत एक या प्रमाणात जास्त उचलला गेला की भेगा दिसू लागतात. दहा मीटरच्या भिंतीला म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर! म्हणून मुकादम शिट्टी मारतो आणि सगळे जण आपापला जॅक तेवढाच, एकाच वेळी फिरवतात. पुन्हा शिट्टी. दिवसाकाठी घर काही इंच वर येतं, आत गॅसवर चहा उकळत असतो.

यातलं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९३० मध्ये इंडियानापोलिस शहरात टेलिफोन कंपनीची आठ मजली, अकरा हजार टनांची इमारत रोलरवर चढवून सरकवली आणि नव्वद अंशांत वळवली. कारण तिच्या जागी मोठी इमारत बांधायची होती आणि फोन बंद ठेवून चालणार नव्हतं. पाणी, गॅस, वीज, टेलिफोनच्या तारा सगळं लवचीक नळ्यांनी जोडलेलं. महिनाभर हे चाललं आणि सहाशे कर्मचारी रोज कामावर येऊन जात राहिले. इमारत इतकी हळू सरकत होती की आत बसलेल्याला पत्ता लागत नसे. १९६३ मध्ये तीच इमारत पाडली, हेही सांगायला हवं.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्वीडनमधल्या किरुना गावचं लाकडी चर्च अनेक चाकांच्या वाहनांवर ठेवून पाच किलोमीटर नेलं. वजन ६७२ टन, लागले दोन दिवस. खालच्या लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचत होती म्हणून गावच हलवताहेत. ते चर्च बांधलं गेलं १९१२ साली. आपला शीवचा पूलही त्याच वर्षीचा.

आणि एवढा प्रवास झाल्यावर पोर्टा केबिनीचं एक काम शिल्लक राहतं, जे ट्रेलरवाल्याच्या बिलात दिसत नाही. नव्या जागी ती उतरवली की दार लागत नाही. लोखंडी चौकट मजबूत असली तरी जमिनीचा एक कोपरा बोटभर खाली असला की ती तेवढी पिळली जाते, आणि दाराची काटकोनी चौकट काटकोनी राहत नाही. मग पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन एक जण एका कोपऱ्यात आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यात उभा राहतो. दोन्हीकडे पाणी एका रेषेत येईपर्यंत खाली पत्र्याच्या, लाकडाच्या चकत्या सरकवत राहतात. 'अजून एक घाल,' 'बास, बास, एक काढ.' तेवढ्यात आतला कुणीतरी दार ओढून बघतो. लागलं, तर हायड्रावाल्याला मोकळं करायचं आणि एसीची वायर जोडायला घ्यायची.